पाणी कुठं मुरतं?

प्रिय दिगंबर,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला त्याच रात्री बसलो होतो, पण दुसऱ्या पानावर येईपर्यंत माझा आवाज कागदावरसुद्धा चढला. ते फाडलं आणि आधी वाचायला बसलो. म्हणून उशीर.

तुझा मुद्दा थोडक्यात असा: तापमानाच्या जुन्या नोंदी मागाहून दुरुस्त केल्या जातात, दर दुरुस्तीला तापमानवाढ फुगते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. यातला अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो. नोंदी दुरुस्त होतात, आणि ते कुणी लपवलेलंही नाही. गंमत आहे ती उरलेल्या अर्ध्यात.

जुन्या काळी समुद्राचं तापमान कसं घेत माहीत आहे? जहाजावरून दोराला बादली बांधून सोडायची, पाणी वर ओढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, नंतर कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास पाझरतं. ओल्या कापडाला वारा लागला की आतलं पाणी गार होणारच. पुढं इंजिन थंड ठेवायला आत घेतल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान नोंदवायला लागले, तर ते इंजिनखोलीच्या उबेनं थोडं जास्त भरायचं. म्हणजे समुद्र तोच, पण बादली गार सांगणार आणि इंजिन गरम.

मला हे नुसतं वाचून पटेना. जाड कापडाची पिशवी पाण्यानं भरली, टांगली, समोर पंखा लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. दहा मिनिटांत पारा दीड अंशानं उतरला. खाली जमिनीवर थारोळं झालं ते वेगळं, आणि त्यावरून घरात काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

आता हिशेब कर. बादलीचे जुने आकडे खऱ्यापेक्षा गार, म्हणून दुरुस्तीत ते वर उचलावे लागतात. जुना काळ वर गेला की आजचा आणि तेव्हाचा फरक घटतो. जमिनीवरच्या दुरुस्त्यांनी तापमानवाढ थोडी वाढते, हे खरं. पण पृथ्वीचा जवळपास ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राचा असल्यामुळं एकूण बेरजेत समुद्रच भारी पडतो. कच्च्या आकड्यांत शंभरेक वर्षांची वाढ दुरुस्त आकड्यांपेक्षा जास्त दिसते. ज्याला आकडे फुगवायचेच आहेत, त्यानं दुरुस्तीच्या वाटेला जायचंच कशाला?

१९४५ ची गोष्ट तर मला फारच आवडली. जागतिक सरासरीत त्या वर्षी अचानक सुमारे ०.३ अंशांची घसरण दिसायची आणि लोक त्याची कारणं शोधत बसले होते. २००८ मध्ये लक्षात आलं, की युद्धाच्या काळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजत. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या, आणि त्यांच्याकडं होत्या बादल्या. म्हणजे घसरण होती ती मोजणाऱ्यांच्या बदलाची.

तू समुद्राच्या आकड्यांच्या २०१५ च्या दुरुस्तीवर बोट ठेवलंस. तिथं खरोखर वाढ थोडी जास्त झाली, नाही म्हणत नाही. कारण साधं होतं. जहाजांची जागा तरंगत्या बोयांनी घेतली होती, आणि बोया जहाजापेक्षा साधारण ०.१२ अंश गार दाखवतो. जसजसे बोये वाढले, तसतसा समुद्र उगाच गार दिसायला लागला. मलाही ही दुरुस्ती जरा सोयीची वाटली होती. पण २०१७ मध्ये काही जणांनी नुसते बोये, नुसते उपग्रह आणि नुसती आर्गो नावाची समुद्रात बुडी मारून मोजणारी यंत्रं अशा वेगवेगळ्या नोंदी घेऊन पडताळणी केली, आणि त्या दुरुस्त मालिकेशीच जुळल्या. शिवाय तुझ्या लाडक्या उपग्रहांनाही दुरुस्ती चुकलेली नाही बरं का. विरळ हवेच्या घर्षणानं त्यांची कक्षा हळूहळू खाली येते आणि त्यामुळं खोटी थंडी दिसत होती, हे १९९८ मध्ये उघड झालं.

शहरं वाढली म्हणून थर्मामीटर तापले, हा तुझा दुसरा मुद्दा. रिचर्ड म्युलर हा भौतिकशास्त्रज्ञ नेमकी हीच शंका घेऊन जमिनीवरच्या सगळ्या नोंदी नव्यानं तपासायला बसला होता. २०१२ मध्ये त्यानं जाहीरपणे लिहिलं, की वाढ खरी आहे आणि ती माणसामुळं आहे. आणि भर समुद्रात शहरं कुठून आणणार?

आता ज्याच्यामुळं हे पत्र लांबलं ते सांगतो. आर्गो म्हणजे समुद्रात सोडलेली उंच नळकांडी. एक किलोमीटर खोलीवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटरपर्यंत बुडी मारायची, वर येताना तापमान आणि क्षारता मोजायची आणि ती उपग्रहाकडं पाठवायची. अशी सुमारे चार हजार आहेत. २००६ मध्ये जॉश विलिस हा समुद्रशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी लिहिलं, की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झालाय. तुझ्या बाजूच्या लोकांनी तो निबंध डोक्यावर घेतला. पण विलिसच्या मनात खुटखुट राहिली असावी, कारण त्याच वर्षांत उपग्रह सांगत होते की समुद्राची पातळी वाढतेच आहे. पाणी थंड झालं असतं तर आकसायला हवं होतं. त्यानं यंत्रं एकेक करून तपासली. एका खेपेतल्या यंत्रांची दाबाची नोंद चुकत होती, म्हणजे एका खोलीचं तापमान दुसऱ्याच खोलीच्या नावावर पडत होतं. शिवाय जहाजावरून टाकायच्या जुन्या उपकरणांत खोली मोजलीच जात नाही, किती वेळ पडतंय त्यावरून ती काढतात. तो वेगच चुकीचा धरला होता, त्यामुळं त्यांचे आकडे जास्त गरम येत होते. गरम जुने आणि गार नवे एकत्र आले की थंडी दिसणारच! २००७ मध्ये त्यानं स्वतःच दुरुस्ती छापली आणि ती थंडी गेली. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षावर पाणी सोडायला छाती लागते, दिगू. माझ्यात आहे का ते मला माहीत नाही.

साठणाऱ्या जास्तीच्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते. वरच्या अडीच मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते, त्यामुळं हवेच्या सरासरीवर भांडणं म्हणजे खिशातली चिल्लर मोजून तिजोरीचा वाद मिटवणं. १९९८ नंतर वाढ थांबली असं तू म्हणतोस. ते वर्ष जोरदार एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून सगळं जग तात्पुरतं गरम होण्याचं होतं, शिखरावरून मोजायला सुरुवात केलीस तर पुढं उतारच दिसणार. त्यानंतर २०१६ आलं, २०२३ आलं, २०२४ आलं, प्रत्येकानं आधीचा उच्चांक मोडला.

हे सूर्यामुळं असेल का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. सूर्य तापला असता तर वरचं स्थितांबरही (आपल्या हवेच्या थरावरचा पुढचा थर) तापायला हवं होतं. ते थंड होतंय.

तुझे दोन मुद्दे मी खोडू शकलो नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडच्या समुद्रात जहाजं फारशी जातच नव्हती, तिथले आकडे पातळ आहेत. आणि युद्धकाळातल्या आकड्यांचा तो गरम फुगवटा अजूनही नीट सुटलेला नाही. काय करायला हवं आणि त्याचा खर्च कुणी उचलायचा, यावरचं आपलं भांडण तर बाकीच आहे. ते पत्रात नको. भेटलास की.

तुझा,
माधव

ता. क. काल पंखा बंद ठेवून पिशवीचा प्रयोग पुन्हा केला. तेवढ्याच वेळात पारा जेमतेम अर्धा अंश उतरला. म्हणजे कोणत्या डेकवर किती वारा होता आणि खलाशानं बादली किती वेळ ठेवली, यावर सगळं ठरतं. दुरुस्तीच्या आकड्यापुढं ते अधिक-उण्याची एवढी रुंद पट्टी का लावतात, ते आत्ता कळलं. तुझ्याकडं जाड कापडाची पिशवी असेल तर करून बघ, फक्त खाली बादली ठेव.