सेट म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
शाळेत पोरांना इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ पाठ करायला लावतात, मग उताऱ्यात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आला की गाडी अडते. अहो, साधा ‘सेट’ घ्या. १९८९ च्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत त्याचे तब्बल ४३० अर्थ दिलेत! (आता ‘रन’ त्याच्याही पुढं गेलाय.) गंमत म्हणजे यातले कितीतरी आपण सांगलीत रोज वापरतो, स्लॅबवरचा गवंडी ओरडतो माल सेट व्हायच्या आत पसरून घ्या, कारण सिमेंट अर्ध्या तासानंतर कधीही धरायला लागतं, भावे नाट्यमंदिरात नाटकाचा सेट लागतो, लग्नात डिनर सेट येतो (असे आधीच माळ्यावर दोन पडलेत), आणि पुण्यात नोकरी लागली की पोरगा सेट झाला. ‘सेटिंग लावणं’ तर खास आपलंच. सूर्य सेट होतो तेवढं मात्र पुस्तकातच राहिलं.

शिक्षकांनी असली वाक्यं पोरांकडूनच गोळा करून फळ्यावर लिहावीत, डिक्शनरी त्यानंतर उघडावी. आणि पेपर काढणाऱ्यांनी शब्द-अर्थाच्या ‘जोड्या लावा’ जरा बंद ठेवाव्यात.

– एक पालक, विश्रामबाग, सांगली