मशीन

मालवण

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझे दोन फोनही मी उचलले नाहीत. रागावला असशील तर चार शिव्या घाल. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा तसाच.

आईचं सांगायचंय. मागच्या पंधरवड्यात हिने मागीलदारातून हाक दिली, "मशीन लावतंय, कपडे हाडा!" आई उठली, माजघरातल्या सिंगरचं झाकण काढलं आणि माझा सदरा घेऊन पायडलवर पाय ठेवून बसली. अरे, आमच्या घरात मशीन म्हणजे आता कपडे धुण्याचं, निवडणुकीत मत देण्याचं. आईचं मशीन एकच. खारं वारं लागून गंज चढू नये म्हणून दर शनिवारी तेलाचा फडका मारायची, तेच.

तेव्हापासून रोज बसते. पाय अजून तालात चालतो, पण डोळ्यांना दिसत नाही आणि बोट दाबाखाली जातं. शेवटी एका रात्री मी तिला न सांगता सुई काढली. कंदिलाएवढ्या उजेडात बघत बसलो. हातसुईचं भोक बुडाशी असतं, हिचं टोकाशी. अमेरिकेतल्या एलायस होवेने १८४६ साली शिलाई मशीनचं पेटंट घेतलं त्यात ही युक्ती होती. सिंगरचं पेटंट १८५१ चं. भोक टोकाशी आहे म्हणून वरचा धागा खालच्यात अडकतो आणि टीप बसते. नेमकं तेच मी काढून घेतलं.

तुझे बाबा म्हणायचे, सिंगर म्हणजे गाणारी. ते एका माणसाचं आडनाव आहे हे आपल्याला किती दिवस पटलं नव्हतं! आणि यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या मशीनला सूट दिली, हे गुरुजींनी सांगितल्यावर आई आठवडाभर वाडीत सांगत फिरली होती.

तुझं बोट आठवतं ना? नखातून आरपार. चाक मी फिरवलं असं तू आजही म्हणतोस. मी म्हणतो, पायडलवर पाय तुझा होता. आईने चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, हळद दाबली आणि त्याच रात्री तुझी शाळेची चड्डी शिवून संपवली.

सुईशिवायही दात्यांनी कापड पुढे सरकतं, बाळ्या. त्यावर बारीक ठसे उठतात, टाका एकही नाही. काल तिने सदरा खिडकीशी धरला.

"टीप कित्याक बसना नाय रे?"

"दोरो संपलो आसात, आये."

"मगे रीळ हाड."

बाजारातून पांढरं रीळ आणलं. ते कालपासून खिशात आहे आणि सुई काड्यापेटीत. सुई परत लावू का? ही नको म्हणते, डॉक्टरही नकोच म्हणतील. पण ती सुई तुझ्या बोटातून गेलेली आहे, म्हणून तुला विचारतोय. फोन करू नकोस, फोनवर मला बोलता येणार नाही. लिही.

धाकटीच्या बारावीचं काय झालं? नवी जागा कितव्या मजल्यावर? वहिनींना नमस्कार. आमसुलं पाठवतोय.

तुझा,
विन्या