मनूची मुंज

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी फार तोडून बोललो. आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. ते "बरं" चार दिवस कानात आहे. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय.

मनूची मुंज या वैशाखात करायची नाही, हे मी ठरवलंय. स्मिताला बोल लावू नका. ती तर "आईंचं मन राखू या" म्हणत होती. हॉलचे आगाऊ दिलेले पैसे मी भरून देईन, गुरुजींशीही मीच बोलेन, तुम्हाला कुणापुढे अवघडायला लागणार नाही. पळी-पंचपात्र मात्र तू मोडीत देऊ नकोस. राहू दे कपाटात.

आई, मनू त्या दिवशी तुला जे म्हणाला, ते मी शिकवलेलं नाही. दिवाळीत माडीवर सगळे मिळून सिनेमा बघत होतो, आठवतं? तो मुंगीएवढा होणारा माणूस. बाबा म्हणाले, "वजन तेवढंच राहिलं तर हा फरशी फोडून खाली जाईल, आणि नाही राहिलं तर बाकीचं गेलं कुठं?" तू वाती वळत वर न बघता म्हणालीस, "आमचा मारुती तर अणूपासून ब्रह्मांडाएवढा होतो." मनूने उडीच मारली. त्या रात्री तुझ्या मांडीवर बसून त्याने अख्खी भीमरूपी ऐकली. इथे बंगळूरला आल्यावर आठवडाभर झोपताना म्हणत होता, अडेल तिथे मला विचारायचा.

मग त्याला वाचनालयात एक पुस्तक मिळालं. हातोडावाला थॉर हा सिनेमावाल्यांनी बनवलेला नाही, नॉर्वे-आइसलँडकडचे लोक हजार-अकराशे वर्षांपूर्वी त्याची खरोखर पूजा करायचे, इंग्रजीतल्या गुरुवारचं नाव त्याच्यावरून पडलं, हे त्याला कळलं. तो गप्प झाला. रात्री मला म्हणाला, "बाबा, त्याचे भक्त संपले म्हणून तो सिनेमात गेला का? मारुतीपण जाईल?" तेच त्याने तुला विचारलं, आणि तुला वाटलं पोरगं देवाची थट्टा करतंय. अगं, तो रडवेला झाला होता. तुझा मारुती जाऊ नये म्हणून.

मला उत्तर देता आलं नाही. ज्याला एवढा खरा प्रश्न पडलाय, त्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरवून, कानात मंत्र सांगून, "आता विचारू नकोस" म्हणायला माझं मन धजत नाही. माझ्या वेळी तेच झालं. उपरण्याखाली गायत्री सांगितली, मला धुराने ठसका लागला होता आणि सगळं लक्ष भिक्षावळीतल्या लाडवांकडे. ताईने मात्र दाराआड उभं राहून मंत्र पाठ केला, तिला कुणी बोलावलं नाही. आता चिऊ विचारते, "माझी कधी?" तिला काय सांगू? गायत्री म्हणजे सवित्याला केलेली विनंती, आमच्या बुद्धीला चालना दे म्हणून. तो अर्थ मला पंचविशीत कळला. मुलांना आधी अर्थ कळू दे. पुढे मनू स्वतः "करा" म्हणाला, तर मी आनंदाने पाटावर बसेन, चिऊलाही शेजारी बसवेन.

बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलेले नाही, माहीत आहे. पण आईच्या बाजूने गप्प बसलात, तेही बरोबरच केलंत. नारळीकरांच्या गोष्टी तुम्हीच मला वाचून दाखवल्यात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, ना. वि. जगताप या नावाने कथा धाडली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे तुम्ही दर वेळी तेवढ्याच कौतुकाने सांगायचा. २०२५ साली २० मेला ते गेले, तेव्हा तुम्ही दुपारी जेवला नाहीत, हे आईने मला सांगितलं होतं. त्या गोष्टींमुळे माझा देव गेला नाही हो बाबा. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो हे पहिल्यांदा ऐकलं, त्या रात्री मी अंथरुणात हात जोडले होते. सुपरहिरोच्या सिनेमांत मला ते होत नाही. मजा येते, पण घरी येईपर्यंत विरून जाते.

२४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळीत ग्रहण. माझ्या डोक्यावर मुंजीनंतरचे केस नुकते धड वाढले होते. आईने फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवलेली, आम्हाला करंजीला हात लावू देईना. बाबा पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून अंगणात उभे. आणि मग आंब्याच्या पानांतून गळलेल्या उन्हाचे कवडसे सगळ्या फरशीवर चंद्रकोरी होऊन पडले. शेकडो कोरी, वारा आला की हलणाऱ्या. बाबा सांगत होते की पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक भोक, म्हणून प्रत्येक कवडसा हा सूर्याचंच चित्र. आई, तू उंबऱ्याबाहेर आली नाहीस, पण तिथूनच त्या कोरींना वाकून नमस्कार केलास. मला वाटलं, दोघंही खरं तेच करताहेत. अजून तसंच वाटतं. मनूला मला तेवढंच द्यायचंय.

आता ऐका. बाबा, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आता पुढे ढकलायचा नाही. मी मेच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तारीख घेऊन ठेवा, दवाखान्यात मी थांबेन. तोवर रात्री स्कूटर काढायची नाही. आई, बीपीची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची, देवाची काही हरकत नसते. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. नवं गादीचं कव्हर पाठवलंय, ते वापर, पाहुण्यांसाठी ठेवू नकोस.

मनू येताना आजीसाठी प्रश्नांची वही आणणार आहे. त्याला घाटावरच्या मारुतीला घेऊन जा, शनिवारी, तुझ्या हाताने तेल वाहू दे. उत्तर देता आलं नाही तरी चालेल, मलाही येत नाही.

आणि देवघराच्या वरचा माळा झाडायला स्टुलावर चढायचं नाही. मी आलो की झाडतो.

तुमचा,
बाळू