कॅटचा उतारा आणि आपली ‘चौकटी पूर्ण करा’ची सवय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शिक्षणाच्या पानावर कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीवर अधूनमधून लेख येतात, त्यांची कात्रणं काढून मी आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर लावतो. गणितावर त्यात भरपूर असतं, पण रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (आरसी), म्हणजे इंग्रजी उतारा वाचून प्रश्न सोडवणं आलं की तीच दोन वाक्यं, रोज इंग्रजी पेपर वाचा आणि शब्दसंग्रह वाढवा. आमची पोरं ते मनावर घेतात हो, रोज तासभर इंग्रजी पेपर घेऊन बसतात, अवघड शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारतात, वहीत अर्थ उतरवून काढतात आणि सहा महिन्यांनी मॉक, म्हणजे सराव परीक्षा दिली की आरसीचे मार्क जिथल्या तिथे. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय.

मी दहावीपर्यंत बार्शीत मराठी माध्यमात शिकलो, इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि कॅट दोनदा दिली. पहिल्या वेळी व्हीएआरसीला, म्हणजे पेपरातल्या इंग्रजीच्या सेक्शनला ४१ पर्सेंटाइल पडले, तेही क्लासने दिलेली तीन हजार शब्दांची यादी तोंडपाठ करून. दुसऱ्या वेळी ८६. मधल्या वर्षात मी एकही नवी यादी पाठ केली नव्हती, वाचायची पद्धत बदलली होती फक्त. आता नोकरी पुण्यात आहे पण शनिवार-रविवार गावी येतो आणि अभ्यासिकेतल्या अकरा पोरापोरींसोबत उतारे सोडवतो, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यासमोर बघितलेलं आहे.

आधी साधा हिशोब बघा. गेली काही वर्षं व्हीएआरसीत २४ प्रश्न येतायत, त्यातले १६ आरसीचे, चार उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न. एका प्रश्नाला तीन मार्क, म्हणजे ७२ पैकी ४८ मार्क नुसत्या उताऱ्यांवर. वेळ ४० मिनिटं, दुसऱ्या सेक्शनचा वेळ इकडे वापरता येत नाही. बाकीच्या आठ प्रश्नांना १२ मिनिटं दिली तर एका उताऱ्याला सात मिनिटं मिळतात. पाचशे शब्दांचा उतारा मिनिटाला दीडशे शब्द अशा सावकाश गतीने वाचला तरी साडेतीन मिनिटांच्या आत संपतो, आणि दोनशेच्या गतीने वाचला तर अडीच मिनिटांत. म्हणजे स्पीड रीडिंगच्या नावाखाली पोरं महिनोन्महिने घाम गाळतात ते उताऱ्यामागे एक मिनिटसुद्धा वाचवण्यासाठी नाही! वेळ खरा जातो तो प्रत्येक प्रश्नाला उतारा पहिल्यापासून परत वाचण्यात आणि दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात. आणि हे होतं कारण पहिल्यांदा वाचताना लेखक नेमका काय म्हणतोय हे पकडलेलंच नसतं.

ते का पकडलं जात नाही? मला वाटतं याचं मूळ आपल्या शाळेतल्या उताऱ्यात आहे. घोकंपट्टी थांबावी म्हणून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, हेतू चांगला होता, पण पोरं त्यातून काय शिकली तर चौकटी पूर्ण करा म्हटलं की आधी चौकट वाचायची, मग त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि शेजारचे दोन शब्द उचलून लिहायचे. पूर्ण उतारा वाचायची गरजच नाही. आणि जिथे खरा विचार करायचा असतो त्या स्वमताच्या प्रश्नाला गाइडमधलं उत्तर. दहा वर्षं अशी सवय लागलेला मुलगा कॅटला बसतो तेव्हा पर्यायात उताऱ्यातला शब्द दिसला की तोच टिक करतो, आणि पेपर काढणाऱ्यांना हे माहीत असतं, चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द घातलेले असतात.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही सुरुवात मराठीतून करतो. इंग्रजी कच्चं आहे की आकलन कच्चं आहे हे आधी वेगळं करावं लागतं, आणि बहुतेक वेळा दोन्ही असतं पण आकलनाचं कुणी बघतच नाही. आमच्या भागातला म्हणून मीच एक छोटा उतारा तयार केला होता, तो देतो. ‘दुष्काळी भागात ऊस लावणारा शेतकरी पाणी उधळतो असं सर्रास म्हटलं जातं. पण ज्या पिकाचा दर सरकार ठरवतं आणि जे उचलायला कारखाना बसलेला आहे ते सोडून त्याने तुरीला बाजारात काय भाव लागेल याची वाट का बघावी?’ प्रश्न असा की लेखकाला यातलं काय मान्य होईल. पहिला पर्याय, दुष्काळी भागात ऊस लावू नये. दुसरा, खात्रीचं गिऱ्हाईक असेल ते पीक शेतकरी निवडतो. तिसरा, उसाला सांगतात तेवढं पाणी लागत नाही. चौथा, तुरीला भाव कधीच मिळत नाही.

अकरापैकी सहा जणांनी पहिला पर्याय निवडला. का, तर ते खरंच आहे ना सर, आमच्या विहिरी बघा की! विहिरीचं खरं आहे, पण लेखक तसं म्हणाला का? ते वाक्य दुसऱ्या लोकांचं आहे, ‘म्हटलं जातं’ असं लिहिलंय आणि पुढे ‘पण’ आहे. तिसरा पर्याय दोघांनी निवडला, दोघांच्याही घरी ऊस आहे. पाणी किती लागतं यावर लेखक एक शब्द बोललेला नाही. चौथ्यात ‘कधीच’ आहे, लेखक फक्त खात्री नाही म्हणतोय. दुसरा बरोबर, पण त्यातले ‘गिऱ्हाईक’, ‘खात्री’ हे शब्द उताऱ्यात नाहीतच म्हणून तो पोरांना परका वाटला. या एका उताऱ्यावर आमचा पाऊण तास गेला, भांडणं झाली, आणि त्या दिवसापासून पोरं इंग्रजी उताऱ्यातही ‘हे कुणाचं मत आहे’ असं एकमेकांना विचारायला लागली.

इंग्रजीत गेल्यावर आणखी एक अडचण येते जी क्लासवाले कधी सांगत नाहीत. आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतो, त्यामुळे आपला कान वाक्य संपायची वाट बघत बसतो. इंग्रजीत मुख्य गोष्ट बऱ्याचदा आधी सांगून होते आणि मग चार ओळींचं शेपूट येतं, आपली पोरं शेपटातच अडकतात. यावर आम्हाला उपयोगी पडलं ते शाळेतलं जुनं वाक्यपृथक्करण. लांब वाक्य आलं की कर्ता कोण, त्याने केलं काय, बाकीचं सगळं गौण वाक्य म्हणून कंसात टाकायचं. पंधरा-वीस दिवस हे हाताने लिहून केलं की मग डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं. शब्दाचा अर्थ अडला तरी चालतं, वाक्याचा सांगाडा हातात असला की निम्म्या शब्दांचा अंदाज येतो.

आणि चुकांची वही. मॉकनंतर पोरं स्कोअर बघून लॅपटॉप बंद करतात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आम्ही चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी लिहितो, मी निवडलेला पर्याय का चूक आहे आणि मला तो बरोबर का वाटला. महिन्याभरात ज्याची त्याची खोड समोर येते, कुणी टोकाचे शब्द बघत नाही, कुणी कारण आणि परिणाम उलटे वाचतो. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, त्या निगेटिव्हचंही मग समजतं. सोळाच्या सोळा सोडवून आठ बरोबर आले तर २४ वजा ८ म्हणजे १६ मार्क, आणि एक उतारा सोडून देऊन बारापैकी नऊ बरोबर आणले तर २७ वजा ३ म्हणजे २४. सगळं सोडवलंच पाहिजे ही बोर्डाच्या परीक्षेची सवय इथे सोडावी लागते.

आता आपल्याकडे मागणं आहे ते असं. आठवड्यातून एकदा, आपल्याच त्या दिवशीच्या अग्रलेखावर तीन प्रश्न छापा, प्रत्येकाला चार पर्याय द्या आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देताना उरलेले तीन पर्याय का चूक हेही द्या, ते सगळ्यात महत्त्वाचं. क्लासची फी ज्यांना परवडत नाही अशी गावोगावची पोरं तुमचा पेपर अभ्यासिकेत येऊन वाचतात, त्यांना याचा कॅटलाच नाही तर सीईटीला, एमपीएससीलाही उपयोग होईल. प्रश्न काढायला माणूस नसेल तर ही अकरा पोरंपोरी आणि मी दर रविवारी काढून पाठवू, तुम्ही तपासून घ्या, आम्हाला मानधन नको.

कळावे,
आपला नियमित वाचक,
बार्शी, जि. सोलापूर