घर अजून उघडंच आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर मी तुम्हाला तीनदा ‘होत आलंय’ म्हणाले. पहिल्यांदा मला खरंच तसं वाटत होतं. पुढच्या दोन वेळा वाटत नव्हतं, तरी म्हणाले. बोलता बोलता बाबा मधेच ‘मिस्त्रीकडे दे फोन’ म्हणतात, आई माझा खोकला ऐकून काळजीत पडते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून आज लिहूनच टाकते.

घराचं काम संपलेलं नाही, त्यामुळे ठरलेल्या तारखेला तुम्हाला दादाकडून परत येता येणार नाही. अजून नऊ-दहा आठवडे तरी लागतील, आणि तेव्हाही तुमच्या खोलीतली एक भिंत उघडीच असणार आहे. दादाशी बोलले. तो म्हणाला, ‘मला काहीच अडचण नाही, बाबांना विचार.’ त्यावरून बाबा तिथे काय करतायत ते कळलं. बाबा, त्याच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणं बंद करा. त्या नव्या आहेत.

काम काढलं तेव्हा यादी एका पानावर मावत होती. बाथरूमच्या फरश्या, खिडक्या, वायरिंग, रंग. त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘फरश्या काढणे – १ दिवस.’ फरश्या खरंच एका दिवसात निघाल्या. पण त्यांच्याखाली कोबा, कोब्यात पाइप, आणि प्लंबरने त्या पाइपचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. बाहेरून बरा होता, जरा तांबूस एवढंच. डोळ्याला लावून पाहिला तर पलीकडचा उजेड काडीपेटीतल्या काडीएवढ्या भोकातून येत होता. बाकी सगळा गंज, थरावर थर, झाडाच्या सालीसारखा. लोखंडी पाइपवरचं जस्ताचं अस्तर संपलं की तो आतून गंज धरतो, आणि बाहेरून तेवढाच जाड दिसत राहून आतल्या आत बुजत जातो. बादली भरायला वेळ लागतो म्हणून आपण किती वर्षं टाकीला बोल लावला! बाबांनी तर ती दोनदा उंचावर चढवली. टाकी बिचारी निर्दोष होती. तो तुकडा जपून ठेवलाय, आलात की दाखवते.

मग नुसत्या बाथरूमचा पाइप बदलून भागेना. नवा पाइप जोडायला जावं तर जुन्याचे आटे धरत नाहीत, पाना फिरवला की पाइपच चुरतो. थोडा आणखी कापू, थोडा आणखी कापू करत आम्ही थेट टाकीपर्यंत पोचलो.

छताचा तो कोपरा आठवतो ना, जिथे दर दोन वर्षांनी पोपडे निघायचे आणि बाबा पुट्टी भरून रंग मारायचे? मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. तिने छोट्या हातोडीने सगळं छत वाजवून पाहिलं. चांगल्या जागी ठण् असा आवाज येत होता, त्या कोपऱ्यात बद्द. तिथलं काँक्रीट हातानेच निघालं आणि आतल्या सळया दिसल्या, जागोजागी पातळ झालेल्या. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेतं. ती जागा मिळवायला ते वरचं काँक्रीट फोडतं, फुटल्या जागेतून ओल आणि हवा आत जाते, की गंज आणखी वाढतो. आपण इतकी वर्षं त्याच्यावर पावडर लावत होतो. आता सैल झालेलं सगळं काढलंय, सळया तारेच्या ब्रशने घासून घेतल्यात, एका ठिकाणी जोडसळई टाकलीय, आणि गंजरोधक लेप देऊन वर पॉलिमरचा मसाला भरलाय. छत पाडावं लागलं नाही. ती म्हणाली, आणखी चार-पाच वर्षं रंग मारत राहिला असतात तर पाडावंच लागलं असतं. बाबा, हे टोमणा म्हणून घेऊ नका. त्यातले निदान तीन हात मीही मारलेत.

या सगळ्यात मालाने दिलेला त्रास वेगळाच. कामगार असतात तेव्हा माल नसतो, माल येतो तेव्हा कामगार दुसऱ्या कामावर गेलेले असतात. बाथरूमच्या टाइल्स तीन आठवड्यांत यायच्या होत्या, सात लागले. आलेल्या ४२ खोक्यांपैकी ३६ एका बॅचची आणि ६ दुसरीची. खोक्यावर बॅच नंबर आणि शेडचा नंबर छापलेला असतो, तो एकच हवा, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भट्टीतून निघालेला प्रत्येक घाणा सारख्या रंगाचा नसतो. हातात एकेकटी धरली तर फरक कळत नाही, शेजारी मांडल्या की डोळ्यांत खुपतो. मिस्त्रीने दोन टाइल्स उन्हात ठेवून मला बोलावलं आणि काहीच न बोलता उभा राहिला. त्याच बॅचच्या आता मिळत नाहीत म्हणाले. शेवटी ती वेगळी ६ खोकी दाराच्या कोपऱ्यातल्या भिंतीला लावायची ठरवली, मुद्दाम केल्यासारखी. आई, ती तुला नक्की दिसतील. दिसली तरी मला सांगू नकोस.

सिमेंट मात्र वेळेवर आलं, नको तेव्हा. टाइल्स नाहीत, लाद्या नाहीत आणि समोर पोत्यांची थप्पी. सिमेंट हवेतली ओल ओढून घेतं. नीट ठेवलं तरी तीन महिन्यांत त्याची ताकद चांगलीच उतरते. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, वर प्लास्टिक टाकून ठेवली आहेत, आणि मी रोज त्यांच्याकडे पाहून मनात दिवस मोजते. खिडक्यांच्या चौकटींचा तर अजून पत्ताच नाही. चौकटी नाहीत म्हणून खिडक्यांच्या कडांचा गिलावा नाही, गिलावा नाही म्हणून रंग नाही. सुताराने दाराची पानं तयार ठेवलीत, पण तो आणायला तयार नाही. ओल्या गिलाव्याच्या घरात लाकूड आणलं तर फुगेल, मग तासून बसवाल आणि कोरडं झाल्यावर फट पडली म्हणून मला बोलवाल, असं म्हणाला. इतक्या लोकांत स्वतःहून ‘थांबा’ म्हणणारा हा एकटाच भेटला. त्याचं मी ऐकतेय.

पाण्याच्या परीक्षेत एकदा नापास झालो. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममधलं पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून चार बोटं पाणी साठवतात, पातळीवर पेन्सिलने रेघ मारतात आणि ४८ तास तसंच ठेवतात. मी रात्री टॉर्च घेऊन रेघ बघायला जायचे. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली एक बोट गेलं. वाळून गेलं असेल, असं एकाने सुचवून पाहिलं. बंद खोलीत एक बोट? शोधल्यावर कळलं, लेप दिल्यानंतर कुणीतरी जाळीची जागा दोन इंच सरकवली होती आणि तिथला लेप तुटला होता. परत सगळं उकरून परत लेप. दुसऱ्या वेळी पाणी रेघेवरच राहिलं, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता विजेचं. बाबा, तुम्ही निघताना म्हणालात, ‘वायरिंगला हात लावायची गरज नाही, मी स्वतः उभं राहून करून घेतलंय.’ मान्य. पण त्याला आता ४५ वर्षं झाली. वायर वाकवली की वरच्या आवरणाचा चुरा होतो. झोपायच्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगचं भोक आहे, पण त्याच्या मागे वायरच नाही. आणि माळ्याच्या फ्यूजमध्ये तारेची दुपदरी वेणी सापडली. वायरमनने ती चिमट्यात धरून मला विचारलं, ‘हे कोणी केलं?’ मी म्हणाले, आधीपासून असेल. बाबा, फ्यूज सारखा उडायचा म्हणून केलंत ना? उडायलाच तर बसवलेला असतो तो! सगळी वायर बदलतेय. फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे खटके, येतील आणि त्यांच्या जोडीला एक आरसीसीबी. गेलेला करंट तितकाच परत आला का, यावर ते नजर ठेवतं आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतं. आईला गिझरच्या नळाला बारीक झिणझिण्या यायच्या आणि आपण तिला ‘तुझा भास’ म्हणायचो. आई, तो भास नव्हता. याची तरी माफी मागायलाच हवी.

एक गोष्ट मात्र वायरमनलाही आवडली. मेनच्या लाकडी बोर्डामागे तुमच्या अक्षरात लिहिलेलं निघालं, ‘वरचा – माळा. मधला – बंद. खालचा – हात लावू नये.’ तो आधी हसला, मग खरंच हात न लावता मला आधी मेन बंद करायला सांगितलं. तो बोर्ड टाकलेला नाही.

आई, स्वयंपाकघराची भिंत पाडता येणार नाही. मला माहितीये, काम काढायला तू होकार दिलास तोच मुळी त्या भिंतीसाठी. पण ती नऊ इंची आहे आणि वरच्या स्लॅबचा भार तिच्यावर आहे. पाडायची तर टेकू लावून आधी लोखंडी तुळई टाकावी लागेल, तुळईच्या टोकांखालच्या भिंती तेवढं ओझं पेलतील की नाही ते वेगळं तपासावं लागेल. इंजिनिअर ‘अशक्य’ म्हणाली नाही. ‘या भिंतींच्या वयाकडे पाहून मी करणार नाही’ म्हणाली. मी दोन दिवस तुझ्या बाजूने भांडले. मग तिनेच सुचवलं की साडेतीन फुटांचा झरोका काढू, वर लिंटेल (छोटी आडवी तुळई) टाकू, ते दोन्ही बाजूंना निदान सहा इंच भिंतीवर टेकलं पाहिजे. ओट्याशी उभी राहिलीस की तिथून थेट बाहेरचं दार दिसेल. कोण आलंय ते बघायला हात पुसत बाहेर यावं लागणार नाही. तू ‘हो’ म्हणालीस तरच काढणार.

उघडी राहणार ती तुमच्या कपाटामागची भिंत. तिथे लोणा लागायचा, तो ओल जमिनीतून वर चढते म्हणून. वीट पाणी शोषते, कापसाच्या वातीसारखी, साधारण कंबरेइतकी उंच. मूळचा गिलावा चुन्याचा होता, त्यातून ती ओल बाहेर पडून जायची. मग आपण ‘पक्कं’ करायचं म्हणून सिमेंटचा थर दिला आणि वर ऑइल पेंट. ओलीला बाहेर पडायला जागाच उरली नाही, ती आणखी वर चढली. आता सिमेंट कंबरेच्या वरपर्यंत खरवडलंय आणि विटा हवेला मोकळ्या ठेवल्यात. जाड भिंत वाळायला इंचाला महिना धरतात. त्यामुळे कपाट काही महिने खोलीच्या मधोमध राहील. दिसायला वाईट दिसेल. त्यावर रंग देऊन तुम्हाला फसवण्यापेक्षा बरं.

बाबा, आता तुमच्या नावडीचं. बाथरूमचा उंबरा काढून टाकलाय आणि दार बाहेर उघडेल असं केलंय. आत कुणी पडलं आणि दाराला टेकलं तर आत ढकलायचं दार उघडत नाही. दारही रुंद केलंय, ९०० मिलिमीटर. उंबरा नसला तरी पाणी बाहेर येणार नाही, उतार ८० ला १ ठेवलाय, मी स्वतः गोळी सोडून पाहिली. धरायच्या दांड्यांबद्दल तुम्ही ‘मी काही म्हातारा नाही’ म्हणाला होतात, म्हणून दांड्या लावलेल्या नाहीत. पण टाइल्समागे जाड फळी पक्की बसवून घेतलीय आणि तिची मापं कागदावर लिहून ठेवलीत. मनात येईल त्या दिवशी चार स्क्रूंचं काम. कागद बोर्डामागे ठेवते, तुमच्या त्या सूचनेशेजारी.

पैशांचं विचारू नका. अंदाजावर दहा टक्के जास्तीचे धरले होते, वीस धरायला हवे होते. ठेव मोडायची नाही, हे शेवटचं सांगतेय.

आणि एक काम आहे, त्यासाठीच खरं तर आज घाईने लिहायला बसले. मागच्या दाराशेजारी भिंत उकरताना एक पाइप निघालाय. मनगटाएवढा जाड, टोकाला लाकडी गुडदी ठोकलेली. टाकीकडून येत नाही, गटाराकडे जात नाही. प्लंबर म्हणतो कापू या, मिस्त्री म्हणतो बुजवू या. गुडदीवर पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, अर्धं पुसलंय, पण शेवटचा शब्द ‘नये’ वाचता येतो. अक्षर तुमचंच आहे. काय नये, बाबा? दोघांनाही मी कामाला हात लावू दिलेला नाही. पत्र मिळालं की लगेच फोन करा, मिस्त्रीकडे देते.

तुमची,
धाकटी