विहीणबाई युरोपला येतायत, त्याआधी

सातारा

चि. सौ. चिऊस आईचे अनेक आशीर्वाद.

काल विहीणबाईंचा फोन आला होता. तुमच्याकडे नेदरलँड्सला यायचा व्हिसा आला, मेची तिकिटं झाली, एवढं सांगून लगेच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन आलात, आता आम्हाला काय ते सांगा." त्यांना सांगायचं ते सांगितलं. सवयीचेच बूट घाला, नवे घेऊ नका. गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. पण निम्मं सांगायचं होतं ते त्यांना नव्हे, तुला. फोनवर तू "हो आई, हो आई" करतेस आणि मागे लॅपटॉपची खटखट ऐकू येते, म्हणून लिहूनच पाठवते.

त्यांच्या सहलीचा तुझा तक्ता बघितला. ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, झुरिक, म्युनिक, प्राग, व्हिएन्ना, बर्लिन. अगं, माणसं येतायत की पार्सल? आमच्या वेळीही असाच तक्ता केला होतास आणि मी त्यातली निम्मी गावं खोडली, तेव्हा तू हिरमुसलीस. खोडताना मी एवढंच बघितलं होतं की कुठल्या गावात आपलं माणूस आहे. बर्लिनला तुझी मामेबहीण, व्हिएन्नाला नानाकाका. ती दोन घरं पक्की आणि बाकी वाटेत लागेल ते. सासू-सासऱ्यांचंही तसंच कर. त्यांचा भाचा म्युनिकला आहे, जावईबापूंची आत्येबहीण पॅरिसच्या बाहेर राहते. आधी ही दोन घरं धर, मग मधली गावं मांड.

हॉटेलात आमच्या वयाच्या माणसाची काय गत होते ते तुला कळणार नाही. सकाळी अकराला खोली सोडायची, पुढची दुपारी तीनला मिळायची. मधले चार तास बॅगा सांभाळत बाकड्यावर बसायचं, तेही बाकडं मिळालं तर. बाबांना जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायला मिळालं नाही की संध्याकाळी ते कशालाच चांगलं म्हणत नाहीत, मग समोर राजवाडा का असेना. आपल्या माणसाच्या घरी पायजमा घालून लवंडता येतं, पाचला स्वतःच्या हाताने चहा करून घेता येतो. आणि गाव कसं जगतं ते दिसतं. बर्लिनला बाबांना सगळ्यात काय आवडलं सांगू? सुपरमार्केटातलं रिकाम्या बाटल्या परत घेणारं मशीन. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत! भाचीने महिनाभर साठवलेल्या बाटल्या ते एकेक करून त्या भोकात सरकवत होते, बाटली आत गोल फिरून गडप झाली की आकडा वाढलेला बघत होते. शेवटी चिठ्ठी आली ती खिशात ठेवून चक्क छाती काढून चालले. ब्रांडेनबुर्ग गेटचं वर्णन त्यांनी इथे कोणालाही केलेलं नाही. मशीनचं मात्र पेठेतल्या प्रत्येकाला झालं आहे.

पण घरी उतरायचं म्हणजे त्याचीही रीत पाळायला हवी. तिकडे कोणाकडे कामाला बाई नाही, दोघंही नोकरी करतात, रजा मोजून मिळते. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई" हे आपल्या लोकांनी बर्लिन न बघताच म्हणून ठेवलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोचा, रविवारी दुपारी निघा, म्हणजे कोणाची रजा मोडत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा काही आणायचं ते शनिवारीच. आणि रविवारी सकाळी मिक्सर लावायचा नाही. मी ओल्या नारळाची चटणी करायला भांडं बसवलं, तर भाची झोपेतून धावत आली: "आत्या, नको! खालच्या आजी तक्रार करतील." रविवारी आवाज करायचा नाही म्हणजे अगदी नाही, व्हॅक्यूमसुद्धा नाही. विहीणबाईंना हे आधी सांगून ठेव, कारण त्या उठल्या की पहिलं काही करतात तर वाटण.

बर्लिनला मी एकच हट्ट धरला होता, डालेम नावाच्या तिथल्या भागात जाण्याचा. भाची इतकी वर्षं तिथे राहते, पण तिलाही ठाऊक नव्हतं. तिथे इनेश्ट्रासवर बावीस नंबरची एक इमारत आहे, आता फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. १९२७ साली तिथे मानववंशशास्त्राची संस्था निघाली आणि आपल्या इरावती कर्वे पुढे तिथेच पीएच. डी. करायला आल्या. ऑयगन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. विषय मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. या फरकात गोऱ्या वंशाचं काही वेगळेपण निघावं, अशी गुरूंची अपेक्षा. या बाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही निघालं नाही आणि तसंच लिहून दिलं. परदेशात, गुरूच्याच तोंडावर! पुढे नाझींच्या काळात त्या संस्थेने काय काय केलं ते दारापाशी लावलेल्या पाटीवर आहे. भाचीने मला मराठीत वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मध्येच थांबली. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना इरावतीबाईंचे धडे शिकवले, पण त्या पायऱ्या बघितल्याशिवाय त्या बाईचं धाडस केवढं होतं ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांचे सासरे महर्षी कर्वेही १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, युरोपात आले होते आणि जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत बोलले. त्या वयात, बोटीने! हे तुझ्या सासऱ्यांना जरूर सांग. विमानातल्या सीटबद्दल त्यांची आत्तापासून कुरकुर सुरू आहे म्हणे.

प्रवास रेल्वेनेच ठेव, पण एक लक्षात ठेव. जर्मन गाडीचं तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं नसतं, आरक्षण वेगळं करावं लागतं. तुम्ही तरुण पोरं दारात बॅगेवर बसता, सासरे बसणार नाहीत. गाडी बदलायला सहा मिनिटांचा वेळ ॲप दाखवतं ना, तो तुझ्यासाठी. त्यांच्यासाठी निदान पाऊण तास धर. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली की जिने उतरून पुन्हा चढायचे असतात आणि लिफ्ट नेमकी दुसऱ्या टोकाला असते. वाटेत कोलोन लागलं तर दोन तास उतरा, चर्च स्टेशनला अगदी खेटूनच आहे. बाबांनी मान वर करून १५७ मीटर उंचीचे मनोरे बघितले. काम १२४८ साली सुरू झालं, १८८० साली संपलं, मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं बंदच होतं, हे ऐकल्यावर म्हणाले, "ठेकेदार आपल्याकडचा दिसतोय." मनोऱ्यावर जायला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा तो विषयच काढू नकोस.

प्राग मला फारसं रुचलं नाही, बरं का. रस्ते सगळे दगडी, बॅगेची चाकं आणि आमचे गुडघे दोन्ही खिळखिळे. ते १४१० सालचं घड्याळ वाजताना बघायला हीऽ गर्दी. खिडकीतून बारा प्रेषित फिरून गेले आणि संपलं. पण बर्लिनहून प्रागला जाणारी गाडी सोडू नका. डाव्या बाजूची खिडकी घ्या. ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी जी सोबतीला येते ती येतेच, पलीकडे उभे कातळ, काठाला टुमदार घरं. जेवणाच्या डब्यात बसून जा. प्रागला न उतरता त्याच गाडीने परत आलो असतो तरी माझे पैसे वसूल होते.

व्हिएन्नाबद्दल मात्र सविस्तर लिहिते. नानाकाकांची सगळी नोकरी तिथल्या अणुऊर्जा संस्थेत गेली, काकू तिथल्याच. काकूंना मराठी येतं ते "बस", "जेव" आणि "पुरे" एवढंच, पण तेवढ्यात त्या अख्खं घर चालवतात. जर्दाळूचे दिवस होते, त्यांनी माझ्यासमोर त्याचे उकडीचे गोळे केले. जर्दाळूतली बी काढून त्या जागी साखरेचा खडा, वरून चक्क्यासारख्या ताज्या चीजच्या पिठाचं आवरण, उकळत्या पाण्यात सोडून वर आले की लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचे. पारी कुठे पातळ झाली ते मी बोटाने दाखवलं, त्यांनी "पुरे" म्हणून हात बाजूला केला. आमचं मस्त जमलं.

पण तिथलं खरं दैवत बाबांना सापडलं ते पाणी. नळाचं पाणी प्यायल्यावर त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि विचारलं, "कुठून येतं?" नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात जन्म गेला त्यांचा, तुला माहीतच आहे. नानाकाकांनी सांगितलं, आल्प्समधल्या श्नेबर्ग आणि राक्सच्या झऱ्यांचं. शहरात टायफॉइड आणि कॉलरा होते, तेव्हा एदुआर्ड झ्यूस नावाच्या भूवैज्ञानिकाने ही योजना लावून धरली आणि १८७३ साली पाणी आलं. दुसरी वाहिनी १९१० साली. डोंगरापासून शहरापर्यंत सगळं उतारानं, पंप नाही. "म्हणजे साताऱ्याला येतं त्या आपल्या कास तलावाच्या पाण्यासारखंच की!" बाबा उठून उभेच राहिले. मग श्वार्ट्सेनबेर्गप्लाट्झवर ते पाणी आल्याच्या आनंदात बांधलेलं कारंजं बघायला दोघे भाऊ गेले, ते दुपार करूनच परत आले. पाण्याचा दाब, गळती, वाहिनीचा उतार, कशाकशावर बोलले देव जाणे. तेवढ्या वेळात मी आणि काकू एका कॉफीहाउसात बसलो होतो. एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही आणि कॉफीबरोबर तेच डोंगरातलं पाणी ग्लासभर देतात. सासू-सासऱ्यांना व्हिएन्नाला न्यायचं ठरलं तर नानाकाकांना निःसंकोच फोन कर. राजवाडे चुकले तरी चालतील.

पॅरिस विहीणबाईंना हवंच असणार, आयफेल टॉवरखाली फोटो नाही तर युरोप कसलं? ने. पण मेट्रोपेक्षा बस बरी, तिथल्या जुन्या मेट्रोला जिनेच जिने आहेत. लूव्र मंगळवारी बंद असतं. आणि तुमच्याकडची क्यूकेनहॉफची बाग मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिटते, तेव्हा ट्यूलिप दाखवायचे असतील तर ते आल्या आल्याच दाखव, दमणूक गेल्यावर बघू म्हणशील तर राहून जाईल. नाण्यांचा एक बटवा त्यांच्या गळ्यात अडकव. स्टेशनवर बाथरूमला पैसे पडतात, आणि या वयात सुट्टे शोधायला वेळ नसतो. संग्रहालयात आत गेलं की फुकट असतं. बाबांना चित्रकलेची जी एवढी गोडी लागली त्यातलं अर्धं कारण हे आहे.

एक नाजूक गोष्ट. विहीणबाई संकष्टी करतात. तिकडे मेमध्ये दिवेलागण साडेनऊला आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या पुढे. चंद्र बघूनच सोडीन म्हणाल्या तर मधुमेहाच्या बाईने एक वाजेपर्यंत बसायचं का? तू काही बोलू नकोस, सुनेने सांगितलं की वेगळंच होतं. जावईबापूंकडून सुचव की आपल्या गावच्या चंद्रोदयावर उपास सोडावा. तिथली घड्याळं साडेतीन तास मागे, म्हणजे संध्याकाळी साडेसहा-सातला मोकळ्या. मी फोनवर त्यांना आपलं सहज म्हणून पेरून ठेवलं आहे, "माझी बहीण तर तसंच करते."

आणि घरात त्यांना काही काम दे. आम्हाला तू बोटही लावू दिलं नाहीस, पहिला आठवडा मी पाहुणी म्हणून नुसती खिडकीत बसून होते. भाजी चिरू दे, जावईबापूंच्या शर्टाची बटणं लावू दे. सासऱ्यांना सकाळी ब्रेड आणायला एकट्याला पाठव. हरवणार नाहीत, सांगलीच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं हळदीचे सौदे केलेत. तुमच्या त्या उभ्या डच जिन्यावरून मात्र उलटं, शिडीसारखं उतरायला शिकव, आणि हे पहिल्याच दिवशी.

त्यांच्याबरोबर काय पाठवू ते लवकर कळव. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला बांधून ठेवला आहे. कंदी पेढे मागू नकोस, बाहेरून दुधाचं काही तिकडे नेता येत नाही, म्हणजे तूपही नाही. हापूसही नाही, ताज्या फळाला सर्टिफिकेट लागतं. नारळाला लागत नाही, तो चालतो. पण विहीणबाईंच्या बॅगेच्या वजनात मी नारळ घालणार नाही, त्यांनी आधीच जावईबापूंसाठी पाटा-वरवंटा न्यायचं काढलं आहे.

तुझी आई