देवमासा, पाणघोडा आणि घोट्याचं हाड

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास की देवमासा पाणघोड्याचा भाऊबंद आहे हे काही केल्या पटत नाही, आणि बोलणं तिथंच अर्धवट राहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

बघ ना, आपल्या भाषेत दोघांचीही नावं फसवी आहेत. देवमासा मासा नाही, प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनं 1758 मध्येच त्याला सस्तन प्राण्यांत टाकलं. पाणघोडाही घोडा नाही, घोड्यापेक्षा तो गायीला जवळचा. आणि गायीपेक्षाही जवळचा कोण, तर देवमासा!

हे कळायला मात्र फार वेळ लागला. 1966 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक व्हॅन व्हॅलेन यांनी मांडलं की देवमाशांचं मूळ मेसोनिकिडांत आहे, म्हणजे खूर असलेले मांसाहारी प्राणी, कारण दात तसेच त्रिकोणी. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, जुन्या सस्तन प्राण्यांचे बऱ्याचदा दातच हाती लागतात, माणूस त्यावरूनच बोलणार. पण खाणं सारखं असलं की दातही सारखे होतात रे, नातं असो नसो. मग डीएनएवाले आले. 1999 मध्ये जपानच्या निकाइदो आणि ओकादा यांच्या टीमनं दाखवलं की डीएनएचे जे तुकडे स्वतःची कॉपी करून कुठंही जाऊन बसतात, त्यातले काही देवमाशात आणि पाणघोड्यात नेमके एकाच जागी बसलेत. असा योगायोग एकदा होईल, पुन्हापुन्हा कसा होईल? तरी जीवाश्मांची हाडं अभ्यासणारे मानेनात.

आणि मग 2001. शेळीच्या घोट्यातलं अस्त्रॅगलस नावाचं हाड मी लॅबमध्ये हातात घेऊन पाहिलंय, मुठीत सहज मावतं, वरच्या टोकाला विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच आणि उलटं केलं की खालीही तशीच कप्पी. अशी दुहेरी कप्पी गाय, उंट, डुक्कर, पाणघोडा या समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येनं खूर असलेल्या प्राण्यांचीच खूण, घोड्याला फक्त वरची. आणि पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात जीवाश्मतज्ज्ञ गिंगरिच यांच्या टीमला साधारण 4.7 कोटी वर्षांपूर्वीचे पाय असलेले देवमासे सापडले, त्यांच्या घोट्यात दोन्हीकडं कप्पी! गिंगरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे, पण हाड बघून त्यांनी मत बदललं. या सगळ्यात मला हेच सर्वात जास्त भावतं.

अजून एक सांगतो. भूगर्भशास्त्रज्ञ रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून गोळा केलेले जीवाश्मांचे दगड वर्षानुवर्षं पडून होते, राव वारल्यावर त्यांच्या पत्नीनं ते दगड जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांच्याकडे दिले, आणि साफ करताना एक कवटी चुकून फुटली तर आत कानाच्या हाडाची भिंत जाड, अगदी देवमाशासारखी. तो इंडोहायस, मांजराएवढा, हरणासारखा, 2007 मध्ये जाहीर झाला. तो देवमाशांचा पूर्वज नव्हे बरं का, कारण त्याच्याआधीचे देवमासे सापडलेत, चुलत घराणं म्हण.

आता तू म्हणशील, मग देवमासा आणि पाणघोडा दोघांची केस नसलेली कातडी एकाच आजोबांकडून आली असणार. मलाही तसंच वाटायचं, पण 2021 मध्ये कातडीच्या जनुकांची तुलना झाली त्यात दिसलं की दोघं पाण्यात उतरले ते आपापले, वेगवेगळे. ये एकदा, शेळीचं ते हाड तुझ्या हातात देतो, मग पुढचं भांडू.

तुझाच,
मंदार